वाघूळखेडचं पत्र्याचं झाड

समता तायडेला चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. बुलढाण्याला राहून तिने त्याचा डिप्लोमा केला, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि गावी, वाघूळखेडला, येऊन जागा निघायची वाट पाहत बसली. जागा निघाल्या नाहीत. चित्रकलेचे मास्तर भरणं शाळांनी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. तेवढ्यात तिच्या वडिलांना, गुलाबरावांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला.

गुलाबरावांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे त्यांचं काम. धामणगाव बढेपासून रोहिणखेडपर्यंतचे लोक त्यांच्याकडे मोटारी आणत. आता तो हात मांडीवर पडून राहू लागला आणि दुकानात समता बसली. तात्पुरती म्हणून बसली ती बसलीच. चित्र काढणाऱ्या बोटांना तार गुंडाळायला शिकायला वेळ लागला नाही. वडील खाटेवरून सांगत, ती करी.

काम संपलं की तारेचे उरलेले तुकडे ती फेकत नसे. त्यांची टिटवी कर, मोर कर, अस्वल कर, असं चालायचं. दुकानाच्या छताला अशी बरीच जनावरं टांगलेली होती. मोटार घेऊन आलेला माणूस मान वर करून पाहत उभा राही.

उन्हाळा लागला की जळक्या मोटारींची रांग लागायची. जवळजवळ सगळ्यांचं कारण एकच. विहिरीतलं पाणी खाली गेलेलं आणि मोटार कोरडी चाललेली. एक शेतकरी तीच मोटार पुन्हा पुन्हा घेऊन आला तेव्हा समता वैतागली.

"दादा, पाणी नोतं त चालू कायले ठेवली?"

"वरून काय दिसते का बाई? बटन दाबलं, मोटार आवाज करून राह्यली. मले वाटलं पाणी चढून राह्यलं."

ही गोष्ट तिच्या मनात राहिली. गावाच्या मधोमध मोठी विहीर होती, आठ परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. जुने लोक विहीर अजून त्यातच मोजतात. याच विहिरीतून टाकी भरायची आणि टाकीतून घरोघरी नळ. मागे एकदा बकरी पडली म्हणून तिच्यावर लोखंडी जाळी बसवलेली होती, बादली सोडायला आणि गरज पडली तर माणूस उतरायला एक झाकण ठेवून. नळ आल्यापासून त्या जाळीतून खाली वाकून बघणारं कोणी उरलं नव्हतं. पाणी किती आहे हे नळ कोरडा पडला की कळायचं.

"बाबा, विहिरीतलं पाणी चौकात दिसलं पाह्यजे," एक दिवस ती म्हणाली. "लोकायले वाकाचं काम नाई. येता-जाता दिसलं पाह्यजे."

"कसं दिसन?"

तिने कोळशाने भिंतीवर काढून दाखवलं. झाड होतं.

गुलाबरावांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या विहिरीवर माह्या आजीले चढू देत नोते. ती खाली घागर घेऊन बसे, कोणी वतलं त वतलं. अन् तू तिच्यावर झाड लावून राह्यली."

"नको लावू?"

"लाव," ते म्हणाले. "लाव ना. मी कुठं नाई म्हणून राह्यलो."

झाड उभं राहायला एक अख्खा पावसाळा गेला. सरपंच निवृत्तीभाऊंनी पंचायतीच्या आवारात पडून असलेला बोअरचा जुना केसिंग पाइप दिला. ते मोठे शेतकरी, संत्र्याच्या बागेचे मालक, पण गावात काही नवं होत असलं की पुढे येणारा माणूस. पाइपाचं खोड झालं. फांद्या भंगारातल्या सळयांच्या. पानांसाठी समताने खामगावच्या भंगारवाल्याकडून वर्तमानपत्रं छापायच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या पाट्या आणल्या आणि त्यांची पळसाची पानं कापली, तीन-तीनची. वरून हिरवा रंग, खालून मोटारींना लावायचा तपकिरी वॉर्निश. शिरांच्या जागी तांब्याची तार. पानांच्या आठ ओळी, विहिरीच्या आठ परसांसाठी.

विहिरीत तेलाचा रिकामा कॅन तरंगत सोडला. त्याचा दोर एका चाकावर. पाणी उतरलं की कॅन उतरायचा, चाक फिरायचं, आणि खोडातल्या पेटीत बसवलेल्या सर्किटला ते कळायचं. एक परस पाणी खाली गेलं की जुन्या जीपच्या वायपरची मोटर सायकलच्या ब्रेकची केबल ओढी आणि सगळ्यात वरची एक ओळ मिटे. हिरवी पानं उलटून तपकिरी व्हायची. वीज शेंड्यावरच्या सोलर पाटीची. पेटीत एक बटन होतं, त्याने झाड हातानेही चालवता येई. ते दुरुस्तीसाठी ठेवलेलं.

विहिरीसमोर वच्छलाबाईंचं घर. त्या सत्तरीच्या पुढच्या. मुलगा सुरतेला, घरात त्या, सून कोकिळा आणि दोन नातवंडं. समता केबल ओढत शिडीवर असली की वच्छलाबाई चहा घेऊन येत आणि शिडी धरून उभ्या राहत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

"कोणतं झाड व हे?"

"पयस, आत्या."

"मले नुसतं हिरवं दिसते."

"तेवढंच पाहाचं हाय तुमाले. हिरवं किती अन् तपकिरी किती."

दिवाळीच्या सुमाराला झाड सुरू झालं. विहीर भरलेली होती, आठही ओळी उघड्या. लोक आले, पाहून गेले, कोणी हसले. खरी मजा संक्रांतीनंतर आली. एका दुपारी चौकात माणसं बसलेली असताना वरची ओळ चर्र आवाज करत मिटली आणि सगळे एकदम उठून उभे राहिले.

"पाणी उतरलं बे!" कोणीतरी ओरडलं, जणू विहिरीने हाक मारली होती.

ते वर्ष चांगलं गेलं. विहिरीच्या आसपासच्या बोअरवाल्यांनी जोरात पाणी उपसलं की झाडाच्या दोन ओळी लागोपाठ मिटायच्या आणि चौकात त्यांना ऐकून घ्यावं लागायचं. निवृत्तीभाऊंनी स्वतः बागेचं पाणी कमी केलं. उन्हाळ्यात वीज गेली की बायका घागरी घेऊन विहिरीवर येत आणि झाडाकडे पाहून दोर कोणता न्यायचा ते ठरवत. तीन ओळी मिटल्या, मग चार परसाचा दोर. अर्ध्यावर मिटल्या, मग लांब दोर. टँकरची मागणीही वेळेवर गेली. पोरांनी झाडाचे व्हिडिओ काढले, वर्तमानपत्रात फोटो आला, बुलढाण्याहून कॉलेजची मुलं पाहायला आली. समता त्यांना पेटी उघडून दाखवायची, बोलता बोलता तिचे हात हवेत चित्र काढत राहायचे. गुलाबरावांनी आपली खाट दुकानाच्या दारात ओढून घेतली, लोक झाडाचा रस्ता विचारत ते त्यांना सांगता यावा म्हणून.

पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला. पोळ्यानंतर तर आलाच नाही. फेब्रुवारी उजाडला तेव्हा झाडाच्या पाच ओळी मिटलेल्या होत्या. आणि त्याच फेब्रुवारीत एका संस्थेच्या स्पर्धेची कमिटी गावात येणार होती. पाण्याचं चांगलं काम केलेल्या गावाला बक्षीस होतं. गावाचं नाव कमिटीपर्यंत गेलं होतं ते झाडामुळेच.

निवृत्तीभाऊ दुकानात आले, स्टुलावर बसले, थोडा वेळ छताची जनावरं पाहत राहिले.

"समताताई, एक दिवसाचं काम हाय."

"बोला ना भाऊ."

"कमिटी येऊन राह्यली. झाड असं दिसलं त कोण बक्षीस देईन? एक दिवस हातानं उघडून ठेव."

समताने हातातली तार खाली ठेवली. "भाऊ, मंग त्या झाडाचा उपयोग काय?"

"उपयोग हायच ना. एक दिवस फक्त. आठच्या आठ नको, कोणाले खरं वाटणार नाई. सहा ठेव."

"त्यायनं विहिरीत वाकून पाह्यलं त?"

"पाहू दे. खाली पाणी चमकतेच. किती खाली हाय ते वरून कोणाले समजते?" मग ते जरा पुढे वाकले. "बक्षीस भेटलं त नालीचं काम होते, शाळेच्या खोलीवर स्लॅब पडते. मी काय माह्या घरी नेऊन राह्यलो का? अन् जानेफळले आपल्या पावण्यायची संस्था हाय. चित्रकलेची जागा भरून राह्यले. तुयं नाव मी सांगून ठेवलं हाय. त्याचा याच्याशी संबंध नाई, तसं समजू नको."

संबंध नव्हताही कदाचित. ते खरंच तिचं नाव सांगून आले होते आणि ते तिला आवडलंही होतं. खाटेवरून गुलाबराव ऐकत होते.

कमिटी आली त्या सकाळी समताने पेटी उघडली, बटन हातावर टाकलं आणि सहा ओळी उघडल्या. ऊन पडलं होतं. पानं चमकली. कमिटीतल्या एक बाई झाडाखाली उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "किती सुंदर आहे हे! आणि हे खरंच पाण्यावर चालतं?"

"हो," समता म्हणाली.

संध्याकाळी ती बटन परत फिरवायला गेली, तर पेटीला नवं कुलूप होतं. निवृत्तीभाऊ म्हणाले, निकाल लागेपर्यंत राहू दे, कमिटीतलं कोणी पुन्हा आलं तर पंचाईत. निकाल लागला, पहिला नंबर आला. मग म्हणाले, कार्यक्रम होऊन जाऊ दे. कार्यक्रम झाला, पुढाऱ्यांनी झाडाखाली फोटो काढले. मग भीमजयंती आली, बाहेरून पाव्हणे येतील, झाड वाळलेलं बरं दिसत नाही. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, आणि प्रत्येक वेळी ती ऐकून परत आली.

नळाला पाणी आधी चार दिवसांनी येऊ लागलं, मग आठ दिवसांनी. टँकर मागायचा तर कोणत्या तोंडाने? पाण्यासाठी बक्षीस घेतलेलं गाव. मागणीचा कागद पंचायतीत तसाच पडून राहिला. चौकात बसणाऱ्या माणसांना झाडाचं माहीत होतं. ते एकमेकांत हसून घेत. बायकांना कोणी सांगितलं, कोणी नाही. सांगायची गोष्ट आहे असं कोणाला वाटलं नाही.

मेच्या सुरुवातीला पंचायतीची मोटार समताच्या दुकानात आली. तिने उघडली. आतली तार काळी कुळकुळीत. मोटार कोरडी चालली होती. ती तशीच उठून निवृत्तीभाऊंकडे गेली.

"भाऊ, विहिरीत पाणी नाई. आता तरी बटन फिरवू द्या."

"मालूम हाय," ते थकल्या आवाजात म्हणाले. "मीच पाह्यलं माणसं उतरवून. पण आता पावसाले किती राह्यलं? इतके दिवस गेले, आता खुललं त सारं गाव तोंडावर पडन. बक्षीस वापस मागतीन. तू बी त्यात हाय, समताताई. तू हो म्हणाली होती त्या बाईले."

ती परत आली.

"काय म्हणे?" गुलाबरावांनी विचारलं.

"थांब म्हणे."

"मंग?"

"आली मी."

गुलाबरावांनी डावा हात उचलला, काही बोलायला म्हणून, आणि परत खाली ठेवला.

त्याच आठवड्यात कधीतरी वच्छलाबाई तिला रस्त्यात भेटल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी तिला ओळखलं.

"समते, यंदा झाड लय चांगलं राह्यलं व. अजून हिरवंच दिसते. मंग पंचायत पाणी काऊन नाई सोडत?"



"मोटार जयाली, आत्या. भरून राह्यली मी. होईन दोन-चार दिवसात."

"हाव का? बरं. हात दुखत असतीन तुये." त्यांनी तिच्या दंडावरून हात फिरवला आणि त्या पुढे गेल्या.

मोटार खरोखरच जळाली होती. समता स्वतःला तेच सांगत घरी आली.

दोन-चार दिवस गेले. कोकिळा सकाळी शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायला गेली होती, दोन्ही मुलांना घेऊन. जाताना तिने सासूला सांगितलं होतं, तुम्ही कुठं जाऊ नका, मी आणते. पण घरात प्यायलाही पाणी नव्हतं आणि विहीर दारासमोर होती. वच्छलाबाईंनी झाडाकडे पाहिलं असणार. सहा ओळी हिरव्या, म्हणजे पाणी दोन परसावर. त्यांनी खुंटीवरचा तीन परसाचा दोर घेतला, बादली घेतली.

कचरू बकऱ्या घेऊन चौकातून चालला होता. जाळीच्या झाकणाचा आवाज आला म्हणून त्याने वळून पाहिलं. म्हातारी वाकलेली दिसली, आणखी वाकली, आणि मग दिसली नाही.

कचरूच्या ओरडण्याने समता दुकानातून पळत आली. तोवर चार माणसं दोर बांधून खाली उतरत होती. कोणीतरी आतून ओरडलं, "पाणी नाई बे इथं, नुसता गाळ हाय!" झाकणाच्या काठाला दोराचं टोक अडकलेलं होतं. समताने तो दोर पाहिला. वर जमलेल्या माणसांत त्या दोराचा अर्थ त्या वेळी तिला एकटीलाच लागला होता. बादली पाण्याला टेकली नसणार. थोडंसंच कमी पडत असेल असं वाटून म्हातारी आणखी खाली वाकली असणार. पाणी मात्र सात परसांच्याही खाली गेलं होतं.

वच्छलाबाईंना वर काढलं तेव्हा कोकिळा डोक्यावर हंडा घेऊन चौकात शिरत होती.

पोलीस आले, पंचनामा सुरू झाला. वय, नाव, दिसत कमी होतं का, होतं. पाय घसरला असणार. समता पुढे झाली.

"साहेब, पाय नाई घसरला. झाड खोटं दाखवून राह्यलं होतं. मीच तसं करून ठेवलं."

हवालदाराने वर पाहिलं. "कोणतं झाड?"

तिने बोट केलं. हवालदार झाडाकडे पाहत राहिला, मग जमलेल्या माणसांकडे. निवृत्तीभाऊ पुढे आले आणि त्यांनी तिला खांद्याला धरून बाजूला नेलं. त्यांचे डोळे भरून आलेले होते, त्यात नाटक नव्हतं.

"पोरी, मले काही सुचून नाई राह्यलं. मले बी ती मायसारखी होती. पण आता बोलून काय ती येते का?"

हवालदाराने लिहिलं: पाय घसरून.

समता ठाण्यात जाऊन पुन्हा सांगणार होती. तिने तसं गुलाबरावांना सांगितलं. पण त्याआधी कोकिळाच तिच्याकडे आली. दुकानाच्या आत आली नाही, उंबऱ्यावरच बसली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला.

"तू ठाण्यात जाऊन राह्यली म्हणे."

"हाव, वैनी. खरं हाय ते सांगते. मले जी शिक्षा होईन ती होऊ दे."

"अन् मंग? केस होईन. पंचायत म्हणन झाडाची चूक, तू म्हणशीन पंचायतीची. तारखा पडतीन. अपघात लिहिलं हाय त सरकारची मदत भेटते. लेकरायचा बाप सुरतेले हाय, तिथं बी काम नाई राह्यलं. तू चूप राह्य."

"वैनी, आत्यायनं मले विचारलं होतं. मी त्यायले सांगितलं..."

"नको सांगू," कोकिळा एकदम म्हणाली. "मले काही नको सांगू. तुले सांगून हलकं वाटन, मंग मी ते घेऊन कुठं जाऊ?"

समता रडू लागली. कोकिळा तिच्याकडे पाहत बसली. ती स्वतः रडली नाही.

"मले माफ करसान का कधी?" समताने विचारलं.

"मले नाई मालूम. तू चूप राह्य फक्त." आणि ती उठून गेली.

समता चूप राहिली.

नंतर एका दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, ती पत्रा कापायची मोठी कात्री घेऊन चौकात गेली. पेटीच्या कुलपाला तिने हात लावला नाही. शिडी लावून वर चढली आणि एक एक केबल कापत गेली. केबल तुटेल तशी तिच्या ओळीची उघडी पानं खाली लोंबत गेली, पत्र्याचा मोठा आवाज होत राहिला आणि घराघरांतून माणसं बाहेर आली. खाली उतरली तेव्हा एक बाई म्हणाली, "आता त्या झाडावर राग काढून काय होते व?" दुसरी म्हणाली, "चांगलं झाड खराब केलं." कोणी अडवलं नाही, कोणी जवळही आलं नाही.

घरी आल्यावर गुलाबराव म्हणाले, "हे तू मार्चमंदी कापाचं होतं."

"तुमी काऊन नाई सांगितलं मंग?"

"लोक झाडाचा रस्ता विचारत मले," ते म्हणाले. "मले ते बरं वाटे."



जूनमध्ये जानेफळहून फोन आला. संस्थेत चित्रकलेची जागा भरायची होती, निवृत्तीभाऊंनी शब्द पाळला होता. येऊन भेटा, शाळा सुरू व्हायच्या आत. इतकी वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो फोन कानाला लावून समता उभी होती. "नाही जमणार," असं ती म्हणाली आणि पलीकडून कारण विचारलं गेलं. वडिलांची तब्येत, असं काहीतरी बोलून तिने फोन ठेवला. गुलाबराव म्हणाले, "जायचं होतं. इथं राहून काय करशीन?" तिचा जायला पाय उचलला नाही, एवढंच.

पाऊस चांगला झाला. भादव्यात विहीर वरच्या दगडापर्यंत भरली. पंचायतीच्या बैठकीत विषय निघाला की झाड असं मोडकं बरं दिसत नाही, बाहेरून लोक पाहायला येतात, बक्षिसाची पाटीही तिथंच आहे. समताला कोणी विचारलं नाही. मलकापूरकडचा एक वेल्डर आणला. त्याने सगळी पानं उघडी करून जागेवर वेल्डिंगने पक्की केली, वरून-खालून हिरवा ऑइलपेंट मारला, खोडाला दिव्यांची माळ गुंडाळली. विहिरीतला कॅन आणि दोर काढून टाकला. उद्घाटनाला निवृत्तीभाऊ आले नाहीत. बागेत काम आहे असं त्यांनी कळवलं. पुढची निवडणूकही ते लढले नाहीत. दाढी वाढलेली असते त्यांची आता, आणि समता समोरून आली की ते चप्पल बघत जातात.

पावसाळाभर झाडाच्या आठही पानओळी आणि विहिरीतलं पाणी जुळत होतं. हिवाळ्यात पाणी उतरू लागलं तसं ते जुळेनासं झालं. पण आता झाडाकडे त्यासाठी कोणी पाहत नव्हतं. जाळीचं झाकणही वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं होतं.

समता मोटारी भरते. छताची तांब्याची जनावरं तिने एका दिवशी काढून भंगारात घातली. कोरं छत बघून जुनी गिऱ्हाइकं विचारत, तुमचे पक्षी कुठं गेले बाई, तर ती म्हणे, गंज चढला होता. तांब्याला गंज चढत नाही हे विचारणाऱ्यालाही माहीत असे. तो पुढे विचारत नसे. गुलाबरावांची खाट पुन्हा आत गेली आहे. हाताला जोर येईल असं डॉक्टर म्हणाले होते, तो आला नाही. बोलणंही आता जरा अडखळतं.

कधी कधी बाहेरगावची माणसं अजून येतात. कोणत्या तरी तालुक्याला चौक सुशोभित करायचा असतो, फोनमध्ये झाडाचा फोटो असतो. ते दुकानात डोकावून विचारतात, "हे झाड कोणं केलं? असं आमाले करून पाह्यजे. ते विहिरीचं वगैरे नको, नुसतं दिसाले."

"मले नाई मालूम," समता म्हणते.

बाजाराला जाताना ती चौकातून जात नाही. शाळेच्या मागून, उकिरड्याच्या बाजूने जाते. तेवढ्याने झाड दिसत नाही. कोकिळेच्या घराचं दार मात्र झाडासमोरच उघडतं. संध्याकाळी दिव्यांची माळ लागली की तिच्या ओसरीवर, तिथं अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या अंगावर, हिरवा उजेड पडतो आणि जेवणं होईपर्यंत तसाच राहतो.